फाल्गुनातली राखी

होळीची राख थंड झाली की भिलाईतल्या आमच्या रिसालीत सकाळी दोन वास येतात. एक मोहाचा. गोड, जरा आंबूस, रात्रभर गळालेल्या फुलांचा. जुन्या गावाच्या अंगाला एक झाड अजून उभं आहे, बाकीच्या झाडांच्या जागी घरं झाली. दुसरा वास वारा फिरला की स्टील प्लांटकडून येतो. कोकचा, जळका आणि कोरडा. या दोन वासांच्या मधे माझी परीक्षा असते. ऐंशीला टेकले मी. परीक्षा आता नातीच्या चालू आहेत, तरी अंगण झाडताना आठवतं ते माझंच प्रॅक्टिकल.

परवा नात, तन्वी, मला स्कूटीवर मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. वाटेत एका कॉलेजची लांबलचक भिंत लागते. तिच्यावर ताजा रंग दिसला. दोन वेण्यांची, पुस्तकं छातीशी धरलेली मुलगी काढली होती आणि शेजारी मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं, हर लड़की किसी की बहन है. मी गाडी थांबवायला लावली.

"काय झालं आजी? चक्कर येऊन राहिली का?"

"नाही गं. वाचून राहिली."

"ते होय. कोणीतरी एका मुलीला छेडलं, म्हणून रंगवलं आता."

"अजून हेच लिहितात?"

"मग काय लिहावं?" असं म्हणून तिनं गाडी सुरू केली. तिला उशीर होत होता.

डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून बाकावर बसवून ठेवलं. समोरचं सगळं धुवट, पांढरं झालं. आणि त्या पांढऱ्यात मला आमचं कॉलेज स्पष्ट दिसायला लागलं.

नवीनच इमारत होती ती. भिलाईत तेव्हा सगळंच नवं होतं. सेक्टरचे रस्ते नवे, क्वार्टरं नवी, झाडं गुडघ्याएवढी. कॉलेजच्या भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता. प्रयोगशाळेच्या टेबलांवरचं पॉलिश उन्हाळ्यात हाताला चिकटायचं. गॅसच्या उपकरणातून कुजक्या अंड्यांचा वास सुटायचा तो ओढणीत बसायचा, आणि घरी गेलं की आई म्हणायची, "पहिले हातपाय धू, मंग चुलीजवळ ये." प्लांटची लाल धूळ वह्यांच्या पानांपर्यंत येत असे. फाल्गुन लागला की आसपासच्या गावांतून नगाडे ऐकू यायचे. छत्तीसगढी फाग, होळीची गाणी, रात्र रात्र चालत आणि आम्ही कंदील नसलेल्या, विजेच्या दिव्याच्या घरात क्षारांच्या परीक्षा पाठ करायचो. विजेचा दिवा हीसुद्धा आमच्यासाठी नवलाईच होती.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी आजही पहिल्या भेटीत सांगून टाकते. लोकांना गर्व वाटतो, तो आहेच. बाबा नागपूरकडच्या खेड्यातून आधी रेल्वेच्या कामावर आले, मग प्लांट उभा राहू लागला तसे भट्टीवर खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारे मजूर, म्हणून लागले. आईनं सुरुवातीची वर्षं बांधकामावर रेजा म्हणून डोक्यावरून गिट्टी वाहिली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले, सणवार गेले, आणि त्या जागी शिक्षण आलं. कॉलेजची पायरी चढणं अवघड, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. पायरी चढल्यावर वर्गाच्या दारापासून बाकापर्यंत जे अंतर असतं, त्याची कल्पना कोणालाच नव्हती.

ते अंतर आम्ही चौघी रोज चालायचो. मी, शिप्रा आणि दोघी साहू बहिणी. शिप्राचे वडील प्लांटात फोरमन, कलकत्त्याकडचे. साहू बहिणी जवळच्या खेड्यातून एका सायकलवर डबलसीट यायच्या. बाकी सगळा वर्ग मुलांचा. आणि कॉलेजचा एक रिवाज होता. मुलींनी वर्गात आपल्याआपण जायचं नाही. घंटा झाली की प्राध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीला लागून उभं राहायचं. सर हजेरीपट घेऊन निघाले की त्यांच्या मागून रांगेनं वर्गात शिरायचं, आणि तास संपला की सरांच्याच मागून बाहेर यायचं. मुलींच्या संरक्षणासाठी केलेला नियम होता तो. वाईट हेतूचा नव्हता.

पण होत काय असे? सगळी मुलं आधीच बसलेली. दार उघडायचं, सर फळ्याकडे वळायचे, आणि आमचं पहिलं पाऊल पडलं की बाकांखाली बूट वाजायचा. दुसरं पाऊल, दुसरा ठोका. आम्ही हळू चाललो तर ठोके हळू, आम्ही घाई केली तर ठोके घाईत. वरती चेहरे सभ्य, डोळे पुस्तकात. खाली नगाडा. या वाजवण्यात पुढे असायचा कैलाश. दुर्गच्या कापड दुकानदाराचा मुलगा, उंच, हसरा, होळीला खरोखरच नगाडा वाजवणारा. त्याचा ताल कधी चुकला नाही, एवढं म्हणायला हवं.

सरांना ऐकू येत नसे का? येत असणार. ते फळा पुसत राहायचे.

पहिल्या बाकावर देवांगन नावाचा एक मुलगा बसायचा. अभ्यासू, डोक्याला तेल चोपडलेला. त्याचे पाय कधी वाजले नाहीत. मला त्याचं फार कौतुक वाटायचं तेव्हा. आता वाटतं, त्याचे पाय गप्प होते तसं तोंडही गप्पच होतं. कॉलेजात सगळ्यात जास्त संख्या अशा चांगल्या मुलांची असते.

स्वतःच्या पायांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, म्हणून तर चालता येतं. तो दुसऱ्यांनी ऐकवायला घेतला की पाय आपले राहत नाहीत. गुडघा कुठे वाकवायचा याचा विचार करावा लागतो. मी वर्षभर बाबांचं ऐकून मान वर ठेवून चालले. "खाली पाहाचं नाही. गिट्टीचा टोपला नाही डोक्यावर," असं बाबा म्हणायचे. शिप्राला ते जमेना. त्या फाल्गुनात एक दिवस तिनं ठोके चुकवायचं ठरवलं. दोन पावलं भरभर टाकली, मग थांबली, मग परत एक. बुटांनी तिला बरोबर गाठलं. आणि ती थांबली तेव्हा सगळा वर्ग एकदम थांबला, श्वास रोखून, आणि मग हशा फुटला. ती तशीच उलटी फिरली. जाताना दाराच्या चौकटीवर तिचा खांदा आपटला. त्यानंतर ती आलीच नाही. प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं.

तिच्या वडिलांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. आमचे प्राचार्य म्हणजे पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, मुलांना 'बेटा' म्हणणारा भला माणूस. त्यांना मनापासून दुःख झालं. दंड करणं, नावं कापणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी त्यांच्या परीनं फार विचार केला आणि होळीची सुट्टी संपताच सगळ्या वर्गाला सभागृहात बोलावलं. शिप्राच्या घरी माणूस पाठवून तिलाही आणवलं.

फाल्गुनात राखी कुठे मिळणार? शिपायानं देवळाजवळच्या दुकानातून पूजेच्या लाल-पिवळ्या नाड्याची गुंडाळी आणून ताटलीत तुकडे कापून ठेवले होते. प्राचार्य म्हणाले, "आज से ये तुम्हारी बहनें हैं। बहन के पैरों पर कोई ताल देता है?" मुलांनी माना खाली घातल्या. काहींच्या खरंच लाजून गेल्या असतील. कैलाशनं सगळ्यांच्या आधी मनगट पुढे केलं. त्याच्या नखांत अजून होळीचा हिरवा रंग होता. "बहनजी, कस के बाँधिए, छूट न जाए."

साहू बहिणींनी बांधायला घेतलं. त्यांनी प्राचार्यांच्याही हाताला एक बांधला, म्हातारा गहिवरला. शिप्रानं ओठ घट्ट मिटून एकेक गाठ मारली. ताटली माझ्यापुढे आली. मी नाडा उचलला आणि परत ठेवला.

"मी नाही बांधणार, सर."

मी ते मराठीतच बोलले, घाईत. मग हिंदीत पुन्हा सांगितलं. प्राचार्यांनी कारण विचारलं. मला ते त्या क्षणी सांगता आलं नाही. हात पुढे करून उभा असलेला मुलगा बिचारा हात मागे घेऊ की नको करत होता. प्राचार्य म्हणाले, "कल पिताजी को लेकर आना। उनसे बात किए बिना मैं तुम्हें प्रैक्टिकल में नहीं बैठा सकता।"

प्रॅक्टिकल गेलं म्हणजे वर्ष गेलं. आणि आमच्या घरात मुलीचं वर्ष गेलं की परत मिळत नसे, त्या वर्षी लग्न होऊन जाई. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, नागपूरकडून स्थळ घेऊन येणाऱ्या मावशीला तर फारच माहीत होतं.

त्याच दुपारी गणिताचा तास होता. आम्ही सरांच्या मागून निघालो. साहू बहिणी आत गेल्या, शांतता. शिप्रा आत गेली, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मी शेवटची होते. माझं पाऊल पडलं आणि बूट वाजला. मग सगळे वाजले. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "इसने तो बाँधी नहीं। ये खुली है।"

सकाळी जे मला सांगता आलं नव्हतं ते त्या वाक्यानं सांगून टाकलं.

तन्वी तिच्या वर्गातल्या सगळ्यांना 'भाई' म्हणते. मुलांना भाई, मुलींनाही भाई, फोनवरून मागवलेली ऑर्डर घेऊन येणाऱ्यालाही भाई. मी एकदा विचारलं, एवढे भाऊ सांभाळतेस कसे? ती म्हणाली, "आजी, त्याचा अर्थ काही नसतो." मला बरं वाटलं ऐकून. आमच्या वेळी त्याला फार अर्थ होता. भाऊ म्हणजे काय, हे मला घरातच शिकायला मिळालं होतं. माझा मोठा भाऊ सायकलला हात लावू देत नसे, माझ्या पत्रांवर नजर ठेवत असे, आणि मी केलेला चहा पिऊन कप तिथेच ठेवून उठत असे. प्रेमही करायचा. वेळ आली असती तर माझ्यासाठी मारामारी केली असती. पण मला मारामारी करणारा नको होता. प्रयोगशाळेतला बर्नर मोकळा झाला की "झाला, घे" असं सांगणारा हवा होता.

त्या संध्याकाळी घरात भाकरीचा धूर आणि सगळे एका खोलीत. आईनं ऐकून घेतलं.

"बांधून टाकाची होती. धाग्यानं काय हात झिजते तुहा?"

"हात नाही झिजत, आई."

"मंग कावून वं? इतकं शिकून वर्स घालवतं का?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते, बुटांच्या नाड्या सोडत. मी वर्गातली गोष्ट सांगितली. 'खुली' हा शब्द बापापुढे उच्चारायला जड गेला, पण उच्चारला. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. मग परत चालू झाला. तव्याकडेच पाहत ती म्हणाली, "आमच्या कामावर ठेकेदाराचा मुनीम होता. मले बहीण म्हणे. सगळ्या रेजांले बहीणच म्हणे मुडदा. अन् हाजरीच्या अंगठ्याले हात धरे तो सोडेच ना."

"हे तू कधी सांगितलं नाही मले," बाबा म्हणाले.

"तुमाले सांगून काय? तुमी त्याले मारलं असतं, अन् दोघायचंही काम गेलं असतं." तिनं भाकर उलटली. "खा आता."

बाबा रशियन बायांची गोष्ट सांगायचे. प्लांट रशियाच्या मदतीनं उभा राहत होता, तिथे काही रशियन इंजिनियर बाया डोक्यावर हेल्मेट घालून यायच्या, नकाशे उलगडून पुरुषांना ओरडून कामं सांगायच्या. त्यांना कोणी बहीण म्हणत नसे. 'मॅडम' म्हणायचे आणि ऐकायचे. त्यांचं काम तिथे होतं, म्हणून त्या तिथे होत्या. एवढं सगळ्यांना पुरत असे. त्याच भट्टीखाली माझी आई गिट्टी वाहत होती. तिचंही काम तिथेच होतं. पण तिला ते पुरलं नाही. मान कोणाला कामावरून मिळतो आणि कोणाला नात्यावरून मागावा लागतो, याचा हिशेब मी तेव्हापासून करते आहे, अजून जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा पहिली पाळी करून तसेच आले. खाकी कपडे, भुवयांत लाल धूळ. प्राचार्यांनी उठून त्यांना खुर्ची दिली. साहेबाच्या खोलीत खुर्चीवर बसलेले बाबा मी पहिल्यांदाच पाहत होते. ते अगदी कडेला बसले, पाठ ताठ.

"आपकी बेटी होशियार है," प्राचार्य म्हणाले. "लेकिन कल सबके सामने उसने..."

"साहब," बाबांनी वाट काढून ठेवली होती. "हमने दीक्षा ली है। राखी वगैरा हमारे घर में नहीं होता। इसलिए लड़की ने नहीं बाँधी।"

प्राचार्यांचा चेहरा मोकळा झाला. ते खरंच चांगले होते. "तो पहले बताना था बेटा। धर्म की बात है तो कोई ज़बरदस्ती नहीं। तुम्हें छूट है।"

झालं होतं. मला उठून नमस्कार करून बाहेर पडायचं होतं आणि प्रॅक्टिकलला बसायचं होतं. बाबांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण मला दिसलं, की आता मी एकटी वर्गात जाईन, सूट मिळालेली. तिघी बहिणी आणि एक सूट मिळालेली. आणि बूट वाजत राहतील, आता तर कारणासकट.

"सर, वो बात नहीं है," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. राग नव्हता तिच्यात. पुलावरून हात धरून नेलेल्या लेकरानं मधेच हात सोडावा, तशी होती.

मी कालच्या दुपारची गोष्ट सांगितली. म्हणाले, "जिसने बाँधी उसके लिए चुप, जिसने नहीं बाँधी उसके लिए बूट. अगले साल नई लड़की आएगी, सर. उसको आते ही सबको बाँधना पड़ेगा क्या? और बाज़ार में जो औरत चल रही है, उसने तो किसी को नहीं बाँधी."

प्राचार्य मनगटावरचा नाडा बोटानं गोल फिरवत होते. बाहेर सायकलींच्या घंट्या, दूर प्लांटचा भोंगा. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, "तो तुम क्या चाहती हो?"

मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडात आलं ते बोलले. "हमें घंटी पर अंदर जाना है. लड़कों के साथ. सर के पीछे नहीं."

"और उन्होंने पैर बजाए तो?"

"किस पर बजाएँगे, सर? हम तो बैठी होंगी."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. प्राचार्यांनी शिपायाला हाक मारली आणि सांगितलं, उद्यापासून मुली भिंतीला लागून उभ्या राहणार नाहीत, घंटा झाली की वर्गात बसतील, तसं सगळ्या सरांना कळव. माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रैक्टिकल की तैयारी करो. जाओ."

सायकलस्टँडजवळच्या नळावर बाबांनी चेहरा धुतला. लाल पाणी वाहून गेलं.

"माह्यं कारण खोटं नव्हतं, शोभे."

"खोटं नव्हतं बाबा. पण ते माह्यं नव्हतं."

त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं, सायकल स्टँडवरून काढली. "साहेबापुढं मले खोटं पाडलं तुनं," ते म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "बस मागं. क्लास बुडाला न आज तुहा?" त्यांनी मला सायकलवर घरापर्यंत नेलं, पाळी करून आलेल्या पायांनी, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं, कॉलेजात काम होतं साहेबाकडे.

हे सगळं मी तन्वीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच मागितलं? आधी जाऊन बसायचं?" हो बाई. एवढंच. आम्हाला चालवत नेणाऱ्या त्या रांगेनंच तो रस्ता मिरवणुकीचा केला होता, हे कोणाला सुचलं नव्हतं. मुलींची काळजी घेणाऱ्यांना तर मुळीच नाही. मुलींपुढे उभं राहून जो सभ्यपणा दाखवावा लागतो, तो बहुधा दाखवणाऱ्याच्याच कामाचा असतो.

दुसऱ्या सकाळी पहिली घंटा झाली आणि आम्ही चौघी रिकाम्या वर्गात गेलो. रिकामा वर्ग आम्ही तोवर पाहिलाच नव्हता. खिडकीतून ऊन आडवं पडलं होतं, बाकांवर कोरलेली नावं दिसत होती. आम्ही बसलो. वह्या काढल्या. मग मुलं यायला लागली.

दारात आला की प्रत्येक जण क्षणभर थबकायचा. आम्ही बसलेल्या, ते चालत येणारे. त्यांना आपले हात कुठे ठेवायचे कळेना. देवांगन आला, "नमस्ते" म्हणून गडबडीनं आपल्या बाकावर बसला. कोणी दप्तर छातीशी धरलं, कोणी उगाच खोकला. सगळ्यात शेवटी कैलाश आला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं बहुतेक. तो दारातून दोन पावलं आत आला, आम्हाला पाहिलं आणि थांबला. मनगटावर नाडा तसाच होता. सगळा वर्ग शांत. त्याला आता आपल्या बाकापर्यंत चालत जायचं होतं आणि तो बाक अगदी मागे होता.

माझ्या शेजारी शिप्राचा पाय उचलला गेला. मला खाली दिसला तो, काळी चप्पल, टाच जमिनीवर, पंजा वर. कैलाशनं पाऊल टाकायची ती वाट पाहत होती. तिचा खांदा चौकटीवर आपटला त्या दिवसाचं सगळं त्या पंजात जमा झालं होतं, आणि ते तिचं येणं होतं, मी तिला अडवणार नव्हते.

कैलाशनं पाऊल टाकलं. गुडघा कुठे वाकवावा याचा विचार करत टाकलं, ते मला बरोबर ओळखू आलं.

शिप्रानं पाय खाली ठेवला. हळूच, आवाज न करता.

"जाने दो," ती वही उघडत म्हणाली, "इसका भी प्रैक्टिकल है।"